पेन ड्राइव्हमधले महाराज

सोनगीरला हायवेलगतच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपल्या गेलेल्या माणसाचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आलेला. ज्योतिनाथ महाराज तो कपाळाला लावून गर्जत, "अनंत मेगाबाइट, एकच आत्मा!" शिष्य लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करी. मग फोटो उघडावा, तर नाव तेच, चेहरा मात्र महाराजांचा!

"तुमचं माणूस माझ्यात विलीन झालं," महाराज सांगत. बाया हुंदके देत, दक्षिणेची थाळी भरत जाई.

शिरपूरला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मयुरीनंही हात जोडले. तिची आई प्रमिलाबाई नुकतीच गेली होती. वडिलांनी, कौतिकआबांनी, आधी तिलाच विचारलं होतं, "पोरी, तू तं हाई शिकाडस. पेन ड्राइव्ह दिऊ का?"

आईचे तेवढेच फोटो होते. तरी ती म्हणाली, "द्या आबा."

घरी येऊन तिनं एकेक फोटो उघडला. सगळीकडे तोच हसरा महाराज. प्रत्येक फाईलची साइजही एकच. ही फाईल कॉपी करायची आज्ञा तर ती वर्गात शिकवत होती!

दुसऱ्या दिवशी ती पेन ड्राइव्हमध्ये बोकडाचा फोटो घेऊन मंडपात गेली. "आज मी टाइप करते," म्हणाली. शिष्य चाचरला, पण लोकच म्हणाले, "करू द्या की!"

तिनं शिष्य लिहीत असे तीच आज्ञा लिहिली, फक्त शेवटचं 'वाय' हे अक्षर गाळलं. लॅपटॉप थबकला. पडद्यावरची ओळ तिनं मराठीत वाचून दाखवली, "या नावाची फाईल आधीच आहे. तिच्यावर नवी लिहू का?" तिनं नकार दिला. बोकड जसाच्या तसा राहिला.

"वाय जोडला, की मशीन विचारतच नाही. जुनं पुसून त्याच नावावर नवं लिहितं. आता उलट करते." तिनं लॅपटॉपमधल्या महाराजांच्या फोटोवर बोकड कॉपी केला आणि तो फोटो उघडून दाखवला.

"महाराज बोकडात विलीन!" कुणीतरी ओरडलं. हशा उसळला. एक म्हातारी मात्र रडवेली होऊन म्हणाली, "मंग मना पोऱ्याना फोटो?"

मयुरीनं तिला धरून खाली बसवलं. गोंधळात महाराज मागच्या दारानं पसार झाले.

घरी आबांनी विचारलं, "तुनी मायना फोटो परत येतीन का?"

"नाही आबा."

"माले समजे नही, पोरी. तुले तं समजे."

आबा एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

फसवणाऱ्याचा दोष आहेच. पण ज्यांना कळतं, त्यांनी गर्दीत हात जोडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: हे होतं कसं?