मानाचं मत

आमच्या बोरटोल्यात एखादा उमेदवार दारात हात जोडून उभा राहिला आन त्याले रिकामा धाडला, असं कधी झालं नाई. ग्रामपंचायत होती तवा हे सोपं होतं. वॉर्डात तीन जागा, मशीनवर तीन बटनं. एक बटन पार्टीचं, एक नात्यागोत्याचं, आन तिसरं मानाचं. मानाचं म्हनजे, जो पडनार हे साऱ्या गावाले ठाऊक राहते त्याचं. घरामागं एक तरी मत त्याले पडावं, उद्या त्याले चौकातून मान वर करून जाता यावं. शालीकराम म्हातारा तर प्रत्येक खेपेस पडे आन मतं किती भेटली हे सांगत चिवडा वाटे. आमी खात बी होतो.

मंग गावाची नगर पंचायत झाली. आमी येड्यावानी फटाके फोडले. रोजगार हमीचं काम गेलं, घरटॅक्स वाढला, आन एका वॉर्डाले एकच नगरसेवक, म्हनजे बटन बी एकच. पहिली निवडनूक आमच्या वॉर्डात अविरोध निघाली, म्हनून मानाच्या मताचं आता काय करायचं हे कोनाच्या डोक्यातच आलं नाई. आमी कोहळी लोक. तलाव बांधनाऱ्यांची औलाद म्हनून छाती फुगवतो, पन एवढं साधं गनित आमाले सुचलं नाई. अजून बी आठवलं का डोकं सटकते माहं.

या खेपेस आमच्या वॉर्डात बाईची सीट निघाली. गजेंद्र ठेकेदाराले गावचा तलाव बुजवून तिरोडा रोडले लागून दुकानांचं कॉम्प्लेक्स काढायचं होतं. तलावाच्या पाळीखालचं, म्हनजे बांधाखालचं, सारं धान त्याच पान्यावर पिकते, त्याले त्याचं काय! पंचायतीत अर्धे त्याचे, अर्धे विरोधात. आमच्या वॉर्डातून जे निवडून येईन त्याच्यावर तलाव राहते का जाते ते ठरनार होतं. म्हनून माही बायको प्रेमिला उभी राहिली. बायको म्हनून सांगत नाई, पन पानपाळी चुकवून कोनी पाटाले भोक पाडलं तर भर दुपारी त्याच्या दारात जाऊन भांडनारी बाई ते. तलावासाठी तिच्यापेक्षा चांगलं मानूस वॉर्डात नव्हतं.

तिच्या विरोधात उभं राहाले कोनी तयार होईना. शेवटी गजेंद्रानं शामकलाले उभं केलं. आमच्याच गल्लीतली विधवा बाई. तिचा पोरगा गुड्डू गजेंद्राच्या टिप्परवर डायवर. फारम भरून ते पहिले आमच्याच घरी आली आन रडत बसली. नाई म्हनलं असतं तर पोराचं काम गेलं असतं, म्हने. प्रेमिलानं तिले चहा पाजला आन सांगितलं का जा बापा, तूही फिर, मी राग धरनार नाई. मंग ते डोक्यावर पदर घेऊन एकटीच दारोदार फिरली. निशानी शिलाई मशीन, एवढंच बोले आन खाली पाहे.

सारा वॉर्ड आमचा होता. मी तर गुलाल आनून ठेवला होता. मतमोजनी झाली आन प्रेमिला पडली, बोटावर मोजता येतीन एवढ्या मतांनी.

मी तसाच घरोघरी गेलो. कोन फुटला ते पाहतोच, म्हनलं. फुटलं कोनीच नव्हतं. शेजारची चंद्रकांता काकू म्हने, घरातली सारी मतं प्रेमिलाले देली, फक्त सून हर्षाचं एक शामकलाले, दारात आली होती बिचारी. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी बी तेच. जो तो समजे का मान राखनारं आपलंच एक घर.

"बटन एकच होतं ना वो काकू!" मी ओरडलो.

काकू ओसरीवर खाली बसली आन पदरानं डोळे पुसू लागली. आता मारता काय तिले? मी वापस आलो.

संध्याकाळी शामकला आली. मिरवनुकीतला गुलाल केसांत तसाच. खुर्ची देली तरी जमिनीवरच बसली.

"बाई, मी बी तुमालेच मत देलं," ते म्हनाली. "पडीन म्हनूनच त उभी राहिली होती मी."

प्रेमिलानं आपल्या पदरानं तिच्या कपाळावरचा गुलाल पुसला. मंग इचारलं का तलावाच्या ठरावाले काय करशीन. शामकला गुड्डूचं नाव घेऊन थांबली. मले वाटलं, आता तरी प्रेमिला हिले झापते. तिनं झापलं नाई.

ठरावाच्या दिवशी आमी दोघं सभेले गेलो, मांगच्या खुर्च्यांवर बसलो. आपन दिसलो तर शामकलाचा हात उठनार नाई, हे प्रेमिलाच म्हनाली होती, त्याचसाठी गेलो होतो. ठरावाच्या बाजूनं असनाऱ्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष बोलले. गजेंद्राच्या मानसांचे हात वर झाले. एक कमी पडून राहिला होता. सारे शामकलाकडं पाहू लागले, आन शामकला प्रेमिलाकडं. तिचा हात टेबलावरून हालेना. डोळ्यात पानी. मी मनात म्हनलो, पाहत राह्य प्रेमिला, नजर काढू नको, तलाव वाचून राहिला.

प्रेमिलानं थोडा वेळ पाहिलं. मंग तिनं मान फिरवली आन खिडकीबाहेर पाहत बसली.

तवा शामकलाचा हात वर झाला.

बाहेर आल्यावर मी लय बोललो प्रेमिलाले. रस्त्यात, लोकांसमोर बोललो. काऊन मान फिरवली, एवढंच घर येईपर्यंत इचारत राहिलो.

"तिचं तोंड पाहवलं नाई मले," दारात चप्पल काढता काढता ते म्हनाली.