खिडकीतला फोन

मोठ्या पडद्यावर आम्रपालीचा चेहरा उमटला तो थेट दाराएवढा. दातांत सेफ्टी पिन धरलेली, एक डोळा बारीक केलेला, आणि एक हात खांद्यावरच्या पदराशी झटापट करतोय. संगणक कक्षात बसलेले चाळीस शिक्षक खो खो हसले. मग तो चेहरा गर्रकन फिरला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि चित्र स्थिर झालं तेव्हा त्यात आम्रपाली नव्हतीच. वर्गाचे मागचे बाक होते. बाकांवर मुलं होती आणि ती सगळी सरळ इकडेच बघत होती.

"मॅडम, सेल्फी कॅमेरा चालू राहिला तुमचा," मागून ऋत्विक म्हणाला. चोवीस वर्षांचा हा पोरगा आवाजात दुष्टपणा नसतानाही दुष्ट वाटेल असं बोलायचा.

आम्रपाली खुर्चीत खाली सरकली.

माध्यमिक शाळांत नव्याने लागलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा महाडमधला हा शेवटचा दिवस होता. वर्ग कसा सांभाळायचा नि शिकवताना तंत्रज्ञान कसं वापरायचं, हे आधी चार दिवस शिकवून झालं होतं. मग पंधरा दिवसांसाठी सगळ्यांना आपापल्या शाळेत धाडलं. प्रत्येकाने आपला एक तास मोबाइलवर चित्रित करून आणायचा, तो सगळ्यांसमोर बघायचा आणि त्यावर प्रशिक्षक उतेकर सर गुण देणार. सरांच्या मांडीवरच्या तक्त्यात पहिलाच रकाना होता, 'शिक्षक व फळा स्पष्ट दिसतो'.

नवी शिक्षिका म्हणायची, पण आम्रपालीला छत्तीसावं चालू होतं. भरती निघेल, भरती निघेल म्हणता बारा वर्षं महाडात शिकवण्या घेण्यात गेली होती. शिकवणीला समोर आठ पोरं, तीही आईबापांनी दामटून बसवलेली. इथे उमरठच्या बाजूला डोंगरातल्या शाळेत एकदम बेचाळीस. पहिल्याच दिवशी ती नववीच्या फळ्यावर लिहायला वळली आणि मागून कोणीतरी अशी शीळ घातली की पुढचं सगळं ती विसरून गेली. खडू हातात तसाच धरून ती वर्गाबाहेर आली होती. तेव्हापासून नववीला पाठ दाखवायची नाही, हा तिने स्वतःपुरता कायदा करून टाकला. लिहायची ते अर्धं तोंड मुलांकडे ठेवून, खेकड्यासारखी तिरकी. अक्षर डोंगर चढल्यासारखं वर वर जायचं.

मुख्याध्यापकांनी मागच्या महिन्यात बोलावून घेतलं होतं. "मॅडम, नववीचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येतो. प्रशिक्षणाचा अहवाल चांगला आला तर बघू. नाहीतर नववी दुसऱ्या कोणाकडे देतो, तुम्ही ग्रंथालय सांभाळा." ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. बारा वर्षं वाट पाहिली ती काय किल्ली शोधायला?

आणि तो तास इतका सुरेख झाला होता! शिक्षक खोलीत आरसा नाही, म्हणून ती वर्गाच्या दाराशीच फोनमध्ये बघून पदराची पिन नीट करत होती. तेवढ्यात घंटा झाली. आरशासाठी लावलेला सेल्फी कॅमेरा बदलायचं त्या घाईत राहूनच गेलं. पिन दातांत असतानाच तिने लाल बटण दाबलं, पदर कसाबसा टाचला, तिसऱ्या बाकाशेजारच्या खिडकीत कंपासपेटीला टेकवून, पाठ फळ्याकडे नि पडदा मुलांकडे करून फोन उभा केला, आणि प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या. वर्ग गप्प. असा गप्प की तिलाच भीती वाटली. प्रश्न विचारला तर हात वर आले. तास संपल्यावर खिडकीजवळच्या सेजलने स्वतः उठून फोन बंद करून आणून दिला. आम्रपाली त्या दिवशी घरी आली ती गुणगुणत. चित्रण उघडून बघायची मात्र तिला हिंमत झाली नाही. स्वतःचा आवाज तिला ऐकवायचा नाही.

आता तो आवाज साऱ्या खोलीत घुमत होता. "ध्वनी एखाद्या पृष्ठभागावर आदळून परत येतो…" आणि पडद्यावर मागच्या बाकावरचा साहिल, नववीतला एक नंबरचा उपद्व्यापी, केस सारखे करत होता. शेजारचा मुलगा कॉलर ताठ करत होता. फोनच्या पडद्यात त्यांना स्वतःची तोंडं दिसत होती. म्हणून बसली होती सगळी फोटोला बसल्यासारखी! टाळ्यांचा काही संबंध नव्हता. आम्रपालीला रडू येईल असं वाटलं.

"सर, बंद करा ना," ती म्हणाली. "मी पुन्हा करून आणते."

"आज शेवटचा दिवस आहे, मॅडम." उतेकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सर निवृत्तीला टेकलेले, बोलणं मोजकं. सकाळी ऋत्विकचं चित्रण पाहिलं होतं. त्यात संगीत होतं, सोनेरी अक्षरांत त्याचं नाव होतं, आणि वीस मिनिटं नुसता ऋत्विक होता. सरांनी एवढंच विचारलं होतं, "वर्गात मुलं आली होती का त्या दिवशी?" आता ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "चालू दे. आवाज वाढवा जरा."

ऋत्विकने आवाज वाढवला. पडद्यावर सेजल खिडकीकडे झुकली. ती फोनच्या इतकी जवळ होती की तिची कुजबुजही स्पष्ट आली.

"ए साहिल, फोन उलटा लागलाय. आपणच दिसतोय. बाईंना सांगू काय रे?"

"नको गो." साहिलने ओठांवर बोट ठेवलं. "बाई घाबरतील. मग सगळं इसरतील, त्या दिवशीसारखं."

"पन बाई दिसतच नाय यात."

"आवाज येतोय ना? तो रेकॉर्ड हुईल. गप ऱ्हा. बाईंची परीक्षा हाय आज."

खोलीतलं हसू थांबलं.

मग आम्रपालीचा आवाज आला, "तुम्ही असा प्रतिध्वनी कुठे ऐकलाय?" त्या दिवशी या प्रश्नावर हात वर आले होते, आणि ते आठवून ती दोन रात्री सुखाने झोपली होती. पडद्यावर कोणीच हात वर करत नव्हतं. साहिलने पुढच्या बाकावरच्या मैनाला पट्टीने डिवचलं. डावीकडच्याला कोपर मारलं. "हात वर करा रे. बाईंनी विचारलंय ना काय तरी." एकेक हात वर गेला. स्वतःचा हात त्याने सगळ्यांत शेवटी वर केला आणि म्हणाला, "बाई, आमच्या वाडीखालच्या खिंडीत. म्हशीला हाक मारली की दोनदा येते हाक. म्हैस एकदाच येते."

पडद्यातला वर्ग हसला, इथली खोलीही हसली. पडद्यातली आम्रपाली, जी दिसत नव्हती, तीही हसली. मग खडूचा आवाज आला. ती फळ्याकडे वळली होती, आणि त्या आनंदात आपण पुरत्या वळलोय हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. खडूचा आवाज बराच वेळ येत राहिला. मागे बेचाळीस मुलं होती, आणि निदान जी दिसत होती ती तरी सगळी वहीत लिहीत होती. साहिल सोडून. तो हनुवटी हातावर टेकून वर्गावर नजर ठेवून होता, परीक्षेला पर्यवेक्षक ठेवतात तसा.

चित्रण संपलं. सरांनी तक्ता पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"शिक्षक व फळा स्पष्ट दिसतो. शून्य," ते म्हणाले. "ते द्यावंच लागेल मला."

"हो सर."

"वर्ग नियंत्रण." पेन थांबलं. "हे गुण कोणाला देऊ, तुम्हाला की मागच्या बाकावरच्याला?"

"त्यालाच द्या, सर," आम्रपाली म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं नि ती हसत होती, आणि दोन्ही लपवायचं तिला सुचलं नाही.

"त्याचं नाव या यादीत नाही." सरांनी काहीतरी लिहिलं. "तेवीस वर्षं मी नव्या शिक्षकांना सांगतोय, वर्ग आपल्या बाजूला आणा. कसा आणायचा ते मला अजून सांगता आलेलं नाही." मग त्यांनी तक्ता फिरवून तिच्यापुढे धरला. पहिल्या रकान्यात शून्य, बाकी सगळ्यांत गुण होते. खाली बेरीज, आणि बेरजेपुढे 'उत्तीर्ण'. तिने बेरीज दोनदा करून पाहिली. विज्ञानाची शिक्षिका, पण बोटांवर मोजली. नववी आपल्याकडेच राहणार, हे पक्कं झालं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी पोलादपूरहून निघालेली एसटी कापडे गाव मागे टाकून वर चढू लागली, तशी तिने पर्समधला फोन चाचपला. त्यातलं चित्रण तिने पुसलं नव्हतं. मुलांना काय सांगायचं याचा विचार ती रविवारभर करत होती. शाळेच्या फाटकापर्यंत काही ठरलं नाही.

पहिलाच तास नववीचा. ती आत गेली तेव्हा नेहमीचा गोंधळ चालू होता. टाळ्या वाजवायचं ती विसरली. तिने खडू उचलला.

"बाई," सेजलने उभं राहून विचारलं, "तुमची परीक्षा झाली काय?"

"झाली."

"पास?"

"पास."

वर्गात गलका उठला. कोणीतरी बाक बडवला. मागून साहिलने, जरा जपूनच, विचारलं, "आनि यिडिओ कसा आलता, बाई?"

सेजल खाली बघू लागली. मैना वहीची पानं उलटू लागली.

"चांगला आला," आम्रपाली म्हणाली. "सगळं दिसलं. ऐकूही आलं."

साहिलने सेजलकडे बघितलं, सेजलने साहिलकडे. तोवर आम्रपाली फळ्याकडे वळली होती, पुरती. मागे कुजबुज सुरू झाली, तिची खसखस झाली, काहीतरी खाली पडलं, कोणीतरी "ए, गप रे" म्हणालं. ती डाव्या टोकापासून लिहू लागली, सावकाश, आणि ओळ उजव्या टोकापर्यंत सरळ गेली.