गल्लीतून गेलेली होडी

होडीत इंटरनेट लागेल, असं नाशिकहून आलेल्या इंजिनिअर मुलीने सांगितलं तेव्हा इब्राहिमला हसू आवरेना. हरसूलकडच्या डोंगरांत दडलेलं हे धरण. काठावरच्या माणसांना जावयाशी दोन शब्द बोलायचे तर टेकडी चढावी लागते, आणि ही सृष्टी गांगुर्डे भर पाण्यात नेट मागत होती.

तिचंही खरं होतं. धरणात किती गाळ साठलाय ते मोजायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या पेटीतलं यंत्र तळाची खोली सांगायचं, पण होडी नेमकी कुठे आहे हे चार बोटांच्या फरकाने कळायला त्याला सतत इंटरनेट हवं असे. नेट गेलं की यंत्र रुसून बसे. इब्राहिमची होडी ठरवून दोन दिवस झाले होते आणि दोन्ही दिवस दोघं पाण्यावर डबा खाऊन हात हलवत परतली होती.

तिसऱ्या दिवशी इब्राहिमने डोकं चालवलं. उगवतीच्या खिंडीतून पलीकडचा टॉवर दिसतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने जाळ्याचा सगळ्यात लांब बांबू होडीच्या टोकाला उभा बांधला, सृष्टीचा राउटर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून वर चढवला आणि सुतळीने आवळला. मासेवाल्या बाप्याचा हा उद्योग सृष्टी बघत राहिली. मग बरणीत हिरवा दिवा लागला आणि तो विझला नाही.

दुपारपर्यंत काम सपाट्याने झालं. जेवताना सृष्टीने लॅपटॉपवर एक जुना नकाशा उतरवून घेतला. पाण्याखाली गेलेल्या टाकेवाडीचा तो गावनकाशा होता. तळाशी भिंती, विहिरी कुठे असतील ते तिला पाहायचं होतं. काळ्या रेघा, बारीक आकडे, आणि त्या सगळ्यावर एक निळा ठिपका हळूहळू सरकत होता.

"हे आपण, चाचा," ती म्हणाली. "आपली होडी. आत्ता आपण चावडीवर आहोत."

इब्राहिमचा घास हातात तसाच राहिला.

पन्नास वर्षांपूर्वी तो त्याच चावडीसमोर खेळला होता. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई गुलजारबी गेली. दीड वर्षाने पाणी आलं. घरं उठवून वर नेता आली, कौलं, दारं, चुलीसुद्धा नेल्या, पण कब्रस्तान कोण कसं नेणार. ते खालीच राहिलं. बापाने, फकिराने, काठावरच्या एका उंबराशी डोंगराचं टोक जुळवून पाण्यातली जागा धरून ठेवली होती. दर शबेबरातीला बापलेक होडीने तिथे जायचे, फातिहा पढायचे, फुलं सोडायचे. मरताना फकिराने एवढंच बजावलं होतं की जागा सोडू नकोस.

बारा वर्षांपूर्वी एका वादळात उंबर पडला. खूण गेली. पाणी तर सगळीकडे सारखंच दिसतं. तेव्हापासून इब्राहिम अंदाजाने होडी नेत होता आणि हे त्याने एकाही जिवाला सांगितलं नव्हतं. लेक खुशनुमा मुलांना घेऊन यायची, तो ठासून सांगायचा की हीच जागा, आणि नातवंडं तिथे गुलाब सोडायची. दुआ कुठूनही पोचते, असं मौलाना एकदा मशिदीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते डोक्याला पटलं होतं. पण आपण आईला हरवून बसलोय, ही बोच काही जात नव्हती.

त्याने इंजिन चालू केलं आणि होडी त्याच्या त्या ठरलेल्या जागी नेली.

"मॅडम, हितं काय हाय बघा बरं."

सृष्टीने वाकून नकाशावरची अक्षरं वाचली. मग तिने पुन्हा एकदा वाचली.

"कोंडवाडा," ती म्हणाली. "गुरं कोंडायची जागा."

इब्राहिम हसायला लागला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या भटक्या गुरांवर त्याने बारा वर्षं फातिहा पढला होता. हसता हसता त्याचे डोळे कधी भरून आले ते त्यालाच कळलं नाही. सृष्टी घाबरली. तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं, उंबरासकट. तिने ऐकून घेतलं, यंत्राकडे पाहिलं, आणि आजचं काम उद्या झालं तरी चालेल म्हणाली.

कब्रस्तान नकाशावर होतं. गावाच्या दुसऱ्या अंगाला, अर्ध्या एकराचा एक चौकोन. पण त्या चौकोनात कबरी दाखवलेल्या नव्हत्या. नकाशा काढणाऱ्याला गुलजारबी कुठून माहीत असणार. इब्राहिमने बोट त्या रिकाम्या चौकोनावरून गावातल्या घरांकडे नेलं.

"विहीर दिसती का त्यात?" त्याने विचारलं. "आमचं दार विहिरीसमोरच होतं. मला तिथं न्या. तिथून म्या जाईन."

आई गेल्यावर दर गुरुवारी, जुमेरातीला, बाप त्याला हाताला धरून न्यायचा. दीड वर्ष तो त्या वाटेने चालला होता. उंबर पडल्यावर हीच वाट त्याने मनात शंभर वेळा चालून पाहिली होती, पण सुरुवात कुठून करायची तेच हाती नव्हतं.

ठिपका विहिरीवर आला. इब्राहिमने इंजिन बंद करून वर उचललं आणि वल्हं हातात घेतलं. लॅपटॉपकडे पाठ करून तो उभा राहिला. समोर डोंगराची सोंड होती. दारातून बाहेर पडलं की तीच दिसायची, त्याच बाजूला. तो वल्हवू लागला.

सृष्टी मात्र पडद्यावर डोळे लावून बसली होती. होडी सरळ गेली आणि ठिपका गल्लीतून सरळ गेला. इब्राहिम स्वतःशीच पुटपुटला की इथे मारुतीचं देऊळ, इथून वळायचं. त्याने होडी उजवीकडे घेतली. नकाशावरची गल्लीही तिथेच उजवीकडे वळत होती. पुढे ती थोडी वाकडी होती, तिथे होडीही वाकडी गेली. अकरा मीटर पाण्यावरून हा माणूस पाच वर्षांच्या पोराच्या पायांनी चालत होता आणि ठिपका एकदाही रेघेला शिवला नाही. नकाशे वाचायचं रीतसर शिक्षण सृष्टीने घेतलं होतं, पण असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला श्वाससुद्धा मोठ्याने घ्यावासा वाटेना.

"हितं," इब्राहिम म्हणाला आणि वल्हं थांबलं.

ठिपका त्या रिकाम्या चौकोनात, खालच्या कोपऱ्यात होता. तिने मान हलवली. मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने पाहिलं. एवढ्या मोठ्या पाण्यात बांबूवरच्या बरणीतून कुठून तरी येऊन एक निळा ठिपका त्याच्या पायाखाली उभा होता, आणि त्याच्या खाली आई होती. त्याने हात पसरले आणि फातिहा पढला.

मग त्याने मोबाईल पुढे केला. ही जागा लेकीला पाठवता येईल का, असं विचारलं. सृष्टीने त्याच्या फोनला बरणीतलं नेट जोडून दिलं आणि जागा खुशनुमाला पाठवली. दोन मिनिटांत तिचा फोन आला. अब्बा, हे काय पाठवलंत, नुसतं निळंच दिसतंय, ती म्हणाली.

"तेरी दादी है उधर, बेटा."

पुढचं सांगायला त्याला वेळ लागला, पण त्याने सांगितलं. उंबर, अंदाज, कोंडवाडा, बारा वर्षं. खुशनुमा म्हणाली की शबेबरातीची वाट कशाला बघायची, मुलांना घेऊन मी आजच निघते, तुम्ही तिथून हलू नका.

वाऱ्याने होडी सरकू लागली होती. सृष्टी म्हणाली की चाचा, नांगर टाका, म्हणजे तोवर मी इथलं नीट मोजून ठेवते. इब्राहिमने दोर बांधलेला दगड उचलला, पाण्यावर धरला, आणि परत होडीत ठेवला.

"नको मॅडम. खाली अम्मा हाय."

आणि तिचं मोजून होईपर्यंत तो वाऱ्याविरुद्ध वल्हं मारत होडी जागेवर धरून उभा राहिला.