तवंदीच्या निम्मी चढण

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत मारुतीरावांनी उभी हयात माल पारखण्यात घालवली. पोत्याच्या तोंडाशी असतो तो पोत्यातला माल नव्हे, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना तिथं सापडलं. ते त्यांनी पुढं कलिंगड घेण्यापासून जावई निवडण्यापर्यंत सगळीकडं वापरलं. जावई चांगला निघून वीस वर्षं होत आली होती. मारुतीरावांना अजून खात्री नव्हती.

वखारीतून निवृत्त झाल्यावर त्यांचा संशय बेकार झाला. त्याला बेळगावच्या परशरामानं काम दिलं.

हा परशराम कॅम्पात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून बोटीच्या सहली विकायचा. बेळगावहून बसनं पणजी, तिथून मुंबईच्या बोटीत बसायचं, वाटेतल्या एका लहानशा बंदरात पडावाच्या होडीतून उतरायचं, बंदरामागचा डोंगर चढून देवीचं देऊळ आणि बोटींना वाट दाखवणारी बत्ती बघायची, रात्री धर्मशाळा आणि दुसऱ्या दिवशी परतीची बोट. अशा त्याच्या बऱ्याच सहली होत्या आणि प्रत्येक ठिकाणच्या चढणीला त्यानं दर्जा दिलेला होता. सोपी, मध्यम आणि धडधाकटांसाठी. देवीचा डोंगर 'सोपी'मध्ये होता.

मारुतीरावांच्या बायकोनं, शालूबाईंनी, ही सहल मनात धरली. त्यांचं माहेर गुंजीचं. लहानपणी स्टेशनात गोव्याकडनं येणारी गाडी थांबायची आणि खिडकीतली माणसं, न विचारता, समुद्र बघून आलो म्हणून सांगायची. पुढं एकदा वास्कोला लग्नाला जायचा योग आला, तेव्हा गोदीच्या भिंतीमागं हातभर पाणी दिसलं. "काठावरनं समुद्र म्हंजे पोत्याचं तोंड," त्या नवऱ्याच्याच भाषेत म्हणाल्या. "मला सगळा बघायचाय. वरनं."

आता अडचण अशी, की शालूबाईंचा गुडघा दुखतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मारुतीरावांना दम लागतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं छातीत गेलेला वखारीतल्या तंबाखूच्या धुळीचा खकाणा हल्ली जरा चढ लागला की आतून दार वाजवायचा. डॉक्टरला दाखवलं असतं, पण डॉक्टरच्या कंपाउंडरला निपाणीभर मित्र होते. शिवाय माल पारखणारा माणूस स्वतःच्या मालातली खोट बाजारात सांगत नाही. तेव्हा चौकशी निघाली ती गुडघ्याच्या नावानं.

"सोपी म्हंजे कुणाला सोपी?" त्यांनी परशरामाला गाठून विचारलं.

"सगळ्यांना, अण्णा."

"तू गेलतास वर?"

"मी खाली लागतो की. सामान असतंय, जेवणाचं बघायचं असतंय..."

"म्हंजे न्हाय गेलतास."

"पण वर गेलेल्यातल्या एकानंबी आजपातूर खाली येऊन तक्रार केल्याली न्हाय."

"खाली आलेत न्हवं सगळे?"

परशराम हसला. मारुतीराव हसले नाहीत. त्यांनी माहितीसाठी विचारलं होतं.

"असं बघा अण्णा," परशराम म्हणाला, "तुमचा तवंदीचा घाट हाय न्हवं? त्याच्या निम्मी चढण. बास. काकूंच्या गुडघ्याला कळणारबी न्हाय."

मारुतीराव मग साक्षीदारांकडं वळले. संकेश्वरच्या अक्काताई गेल्या महिन्यातच ही सहल करून आल्या होत्या. "कसली चढण नि काय!" त्या म्हणाल्या. "देवीनंच नेलं बघा वर. पायाला कळलंसुदिक न्हाय." हे सांगताना त्या पोटरीला तेल चोळत होत्या. मारुतीरावांनी ही साक्ष बाजूला ठेवली. देवाच्या डोंगरावरून आलेलं माणूस दमलो म्हणत नाही. म्हटलं तर दर्शन फुकट जातं, अशी ह्या मुलखाची समजूत. त्यामुळं आपल्याकडं एकही देव अवघड जागी नाही.

दुसरा साक्षीदार वखारीतला जुना सोबती भरमा. तो म्हणाला, "मरशील मारुती. डोंगर कसला, भित्ताड हाय." पण पुढं चौकशी करता कळलं, की बोट लागून ओकाऱ्या झाल्यामुळं भरमा बंदरातच आडवा पडला होता. त्याला तो डोंगर झोपूनच दिसला होता, आणि झोपून बघितला तर बांधसुद्धा भित्ताडच दिसतो.

दोन साक्षी, दोन्ही पोत्याची तोंडं. अशा वेळी वखारीत वानगी मागवतात. मारुतीरावांनीही वानगीच बघायची ठरवली. एका सकाळी ते शालूबाईंना घेऊन तवंदीच्या घाटाच्या पायथ्याला बसमधून उतरले.

"हितं कोण ऱ्हातंय आप्पा?" कंडक्टरनं विचारलं.

"कोण न्हाय. घाट चढून बघालोय."

"मग गाडी काय वंगाळ चढत हुती?" कंडक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी मारली.

पहिल्या वळणापर्यंत ठीक चाललं. वळणाच्या पुढं मारुतीरावांच्या छातीत दार वाजायला लागलं. आता देखावा बघायच्या निमित्तानं थांबावं, अशी त्यांनी मनाशी तयारी केली, एवढ्यात शालूबाईच मैलाच्या दगडावर टेकल्या. "आई गं. गुडघा."

"बस, बस," मारुतीराव उदारपणे म्हणाले. "कुठं लगीन चुकलंय?"

श्वास जागेवर आला तसा गुडघाही बरा झाला. पुढच्या वळणाला पुन्हा दम आणि पुन्हा गुडघा. त्याच्या पुढं झाडाखालीही तेच. तिथं मात्र मारुतीरावांचा संशय, जो इतका वेळ परशरामाकडं तोंड करून बसला होता, तो सावकाश वळून बायकोकडं बघायला लागला. योगायोग एकदा येतो. दोनदा आला तर पाहुणा समजावा. तिसऱ्यांदा आला तर त्याला घरातल्याच कुणीतरी बोलावलेलं असतं.

पुढं रस्ता बराच सपाट होता. मारुतीरावांचा श्वास अगदी सरळ चालला होता. त्यांनी उगाचच दोन धापा टाकल्या.

"आई गं," पुढं चाललेल्या शालूबाई म्हणाल्या आणि वाकून त्यांनी गुडघा धरला. डावा. मैलाच्या दगडावर उजवा धरला होता.

मारुतीराव तसेच पुढं चालत राहिले. खोट सापडल्याबरोबर ओरडायचं नसतं, हेही वखारीतच शिकलेलं. पण येणाऱ्या बसला हात करून घरी परत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. कधीपासून? गुडघा दुखतो म्हणून शालूबाईंनी भाचीच्या घरचा माडीवरचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम सोडला होता. बाजारातून येताना कट्ट्याकट्ट्यावर बसत होत्या. शेजारणी म्हणायच्या, मारुतीराव लई गुणाचे, बायकोपायी थांबतात. ही सगळी कीर्ती त्यांनी नम्रपणे घेतली होती.

आणि आता त्यांना पुढचं स्पष्ट दिसायला लागलं. देवीच्या डोंगरावर अर्ध्यात आपला दम जाणार, मग तिचा गुडघा दुखणार, दोघं दगडावर बसणार आणि समुद्र वर राहणार.

"नगोच जाऊया," रात्री जेवताना ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्याला झेपायचं न्हाय."

"गुडघ्याचं माझं मी बघते," शालूबाई ताटात वाढत म्हणाल्या. "तुम्ही तिकिटं काढा."

तिकिटं निघाली. बोट लागली नाही, पडावही बुडाला नाही. मारुतीरावांनी दोन्हींची अपेक्षा ठेवली होती. बंदरात उतरून मंडळी डोंगराच्या पायथ्याशी जमली. जांभ्या दगडाच्या पायऱ्या वर जात होत्या, वळत होत्या आणि नाहीशा होत होत्या. उरलेला डोंगर त्या वळणाच्या मागं होता. म्हणजे इथंही पोत्याचं तोंडच.

परशरामानं चहाच्या दुकानातला बाक धरला होता. "चला, चला मंडळी! सोपी चढण हाय!" तो बसूनच ओरडला.

शालूबाईंनी वर बघितलं. मग त्यांनी मारुतीरावांकडं बघितलं. मारुतीरावांची नजर पायऱ्यांवर होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून ते एकाच गोष्टीवर पाळत ठेवून होते, आणि ती गोष्ट घडली. शालूबाईंचा हात गुडघ्याकडं गेला.

"माझं आज काय खरं न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळी जावा पुढं. आम्ही दोघं बसतो हितंच. हितनंबी दिसतोय की समुद्र."

तिथून वाळत घातलेली मासळी दिसत होती, ओढून ठेवलेल्या होड्यांची बुडं दिसत होती, आणि दोन होड्यांच्या मधून हातभर पाणी.

मारुतीरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"तिच्या गुडघ्याला धाड भरलेली न्हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दम मला लागतोय. वखारीचा खकाणा हाय छातीत. ती माझ्यापायी लंगडतीया."

मंडळी वळून बघायला लागली. निपाणीचीच चार घरं होती त्यात, म्हणजे बातमी त्यांच्या आधी गावात पोचणार होती. परशराम बाकावरून म्हणाला, "आधी सांगायचं न्हाय व्हय अण्णा? तुमच्यापुरती 'मध्यम' केली असती."

"एवढ्या माणसांत कशाला बोललासा?" शालूबाई दबक्या आवाजात करवादल्या.

"तू एवढ्या माणसांत लंगडलीस, ते?"

शालूबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. क्षणभर त्या हाताचं काय करावं त्यांना कळेना. मग त्यांनी पदर खोचला आणि पायऱ्या चढायला लागल्या. पहिल्या वळणापर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत आणि मागं वळल्या नाहीत. मारुतीराव वळणाकडं बघत राहिले. बाई चांगली चढत होती. इतकं चांगलं चढणारं माणूस आपण इतकी वर्षं कट्ट्यांवर बसवून ठेवलं होतं.

उन्हं उतरली तशी मंडळी खाली यायला लागली. एक म्हातारी नातवाला काखेत मारून गप्पा हाणत उतरली. "देवीनं नेलं बघा," ती कुणी न विचारता म्हणाली. तिच्यामागून येणारेही तेच म्हणाले. सर्वांत शेवटी शालूबाई आल्या. वाऱ्यानं केस सुटले होते, तोंड लाल झालं होतं.

"कशी हुती चढण?" मारुतीरावांनी विचारलं.

"लई अवघड," शालूबाई म्हणाल्या. देवीच्या डोंगराला असं म्हणणारं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. "मधी तर निव्वळ भित्ताड. तुम्ही न्हाय आलासा तेच बरं झालं."

मारुतीरावांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. बाई धापत नव्हती. कपाळाला घाम नव्हता. वाऱ्यानं वाळला असेल. पलीकडं ती म्हातारी नातवाला पेरू भरवत होती. पोत्यात हात घालून तळाचा माल बाहेर काढावा, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला.

"समुद्र दिसला?"

"दिसला."

"सगळा?"

"न्हाय," शालूबाई विचार करून म्हणाल्या. "पल्याड अजून लई उरलाय."

धर्मशाळेकडं जाणाऱ्या वाटेला थोडासा चढ होता. त्याचा दर्जा परशरामानं कुठं सांगितलेला नव्हता. मंडळी पुढं गेली. अर्ध्या वाटेत मारुतीरावांच्या छातीत दार वाजायला लागलं आणि त्याच क्षणी शालूबाई थांबल्या.

"गुडघा," त्या म्हणाल्या.

मारुतीरावांनी संशयानं बघितलं. "कुठला?"

"तुम्हाला कुठला पायजे?"

दोघं वाटेच्या कडेच्या दगडावर बसली.