लाल ठिपक्याची पट्टी

मी ज्या गाण्याच्या हॉलमध्ये एकोणीस वर्षं गायले, तिथे आता मोटारींचं शोरूम आहे. मध्यंतरी पुतण्याला गाडी घ्यायची होती, तेव्हा त्याच्याबरोबर गेले होते. जिथे आमचा मंच होता तिथे एक पांढरी गाडी गोल गोल फिरत होती. पुतण्या तिची किंमत विचारत होता आणि मी पियानो कुठे होता ते मनातल्या मनात मोजत होते. खांबापासून चार पावलं, मंचावर मागच्या अंगाला. मी पुढे उभी राहायचे, माइकशी. माझ्या पाठीशी पियानो, आणि पियानोवर मास्तर.

मागे वळून बघायचं नाही, हा तिथला नियमच होता. गाणाऱ्या बाईने गिऱ्हाइकांकडे पाठ करायची नाही. मालक म्हणायचे, "बाई, लोक पैसे देतात ते तोंडाचे. पाठ घरी."

मालकांना गाण्यातलं काही कळत नसे. पण त्यांनी एक माप शोधलं होतं. पहिल्या अर्ध्या भागातलं माझं शेवटचं गाणं दिव्याचं होतं. त्यात शेवटी एक सूर वर जाऊन थांबायचा. मालक कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बोटांवर आकडे मोजायचे. आठपर्यंत सूर टिकला की खूश. तेवढा वेळ सगळा हॉल घास हातात धरून बसायचा. सूर सुटला की टाळ्या पडायच्या, वेटर हलायचे आणि टेबलांवर पेयांची दुसरी फेरी जायची. "ज्या दिवशी आठ होणार नाहीत," ते हसत हसत म्हणायचे, "त्या दिवशी मी नवीन आवाज शोधायला लागेन." हसत म्हणायचे, पण ते खरं होतं. शुक्रवार माझा होता तो त्या आठ आकड्यांवर.

मास्तर नवीन आले तेव्हा फार घाबरट होते. माझा सूर कुठून धरायचा हे त्यांच्या लक्षात राहीना, म्हणून पहिल्याच दिवशी मी माझ्या नखांच्या रंगाने पियानोच्या मधल्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, अगदी मागच्या कडेला, लाल ठिपका काढून दिला. "इथून," म्हटलं. "हरवलात तर हा ठिपका बघा." सगळे हसले होते. ढोल-झांजा वाजवणारा, ज्याला आम्ही धडाम म्हणायचो, तो म्हणाला, "माझ्या ढोलालाही टिकली लावा की, बाई!"

हे सगळं सांगायचं कारण, ज्या वर्षाची गोष्ट मी सांगते आहे त्या वर्षी मी बावन्न वर्षांची होते आणि आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागत होता. तरुणपणी त्या वरच्या सुरासाठी टाचा उचलाव्या लागायच्या. आता तो हाताशी आल्यासारखा मिळायचा. मी भेटेल त्याला सांगत सुटले होते की माझा आवाज चाळिशीनंतर सुटला. मी हे सांगायला लागले की मास्तर चष्मा काढून पुसायला घेत. ते तेव्हा मला दिसत होतं, कळत नव्हतं.

मग काही गोष्टी खटकायला लागल्या.

आधी कप. मी एका गुरुवारी दुपारी बुटांची जोडी न्यायला गेले, तर मंचाच्या कडेला चहाचे सहा कप. वाजवणारे पाच. मी आत शिरले तशी बोलणी थांबली. बास वाजवणारा उंच माणूस छताकडे बघायला लागला, जणू तिथे काही लिहिलं होतं.

"तालीम?" मी विचारलं.

"छे, छे," मास्तर म्हणाले. "असंच. वाद्यं पुसत होतो."

घरी आले आणि अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझे मंचावरचे सगळे कपडे तीच शिवायची. तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य टोचत यायचं.

"पाच जणांना सहा कप?"

"कोणी दोनदा प्यायला असेल."

"दोनदा पिणारा तोच कप घेतो." तिने टाचणी कापडात खुपसली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

पुढच्या आठवड्यात एका कपाच्या कडेला लालीचा डाग होता. माझी लाली विटकरी, ही गुलाबी. गुलाबी लाली आमच्याकडे एकच जण लावायची, तिकिटाच्या खिडकीवर बसणारी मुलगी. धडामची भाची. बोलायला गोड, चिमणीएवढी. आता ती मला बघून उगाच उठून उभी राहायला लागली होती. मी तिला विचारलं, "काय गं, गातेस की काय तू?" तर तिचा चेहरा तिच्या लालीसारखा झाला. "मी कुठली, बाई!"

त्या "मी कुठली"ने माझी झोपच उडवली.

तिसऱ्या गुरुवारी मी मुद्दाम मागच्या दाराने गेले. कपडे बदलायच्या खोलीतून मंचाच्या बाजूच्या पडद्याआड येता येतं. एकोणीस वर्षांत मी तिथे कधी उभी राहिले नव्हते, कारण माझी जागा पुढे होती. तिथून मास्तरांचे हात स्वच्छ दिसत होते.

मुलगी माइकशी उभी होती. माझ्या जागेवर, माझ्यासारखी एक पाय पुढे टाकून. आणि दिव्याचं गाणं म्हणत होती. वाईट नव्हती. ते मला जास्त लागलं.

मग मी मास्तरांची बोटं पाहिली. अंगठा लाल ठिपक्यावर नव्हता. काळ्या धरून तीन पट्ट्या डावीकडे होता. मधेच मास्तर थांबले. "बासवाले, चुकताय. पुन्हा. उद्यापर्यंत बसलं पाहिजे."

उद्या म्हणजे शुक्रवार.

माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. पोरीला माझा सूर झेपत नव्हता, म्हणून माझं गाणं तिच्यासाठी तीन पट्ट्या खाली आणून बसवत होते. आणि उद्या मालकांना ऐकवणार होते. पुढे होऊन त्यांच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण आले तशीच परत गेले.

अक्का ऐकून घेत राहिली. मग टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"भांडू नकोस. भांडलीस तर म्हातारी जळते म्हणतील. तो वरचा सूर तिला येत नाही ना?"

"नाही. म्हणून तर खाली उतरवलंय."

"मग उद्या सगळ्यांसमोर तुझी पट्टी माग. माइकमधून. मालकाला कळू दे कुणाची उंची किती ते."

मला ते इतकं पटलं की मी त्या रात्री पोटभर जेवले.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. मालक कोपऱ्यात. मुलगी तिकिटांचं काम आटोपून दाराशी उभी. दिव्याच्या गाण्याची वेळ आली तशी मी माइक धरला आणि म्हटलं, "आज हे गाणं जिथे जन्मलं तिथूनच म्हणणार आहे. मास्तर, लाल ठिपका!"

लोकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. माझ्या मागून दबका आवाज आला, "बाई, आज नको."

"का? आज काय आहे?" मी न वळता विचारलं.

"मालक बसलेत."

"बसलेत म्हणूनच."

 मग मास्तरांनी सूर दिला.

पहिल्या ओळीलाच मला वाटलं, कुणीतरी पायाखालची फरशी उचलून धरली आहे. घसा ओळखीचा, गाणं ओळखीचं, पण सगळं हातभर उंचावर. दुसऱ्या कडव्यात मानेच्या शिरा ताठरल्या. मी स्वतःला सांगितलं, नीट श्वास घेतला नाहीस. वरच्या सुरापाशी आले. लागला. एक, दोन, तीन. मालकांची बोटं दिसत होती. चार. पाच. आणि सूर चिरला, जुन्या कापडासारखा, आवाज करत.

धडामने त्याच क्षणी दोन्ही झांजा अशा आदळल्या की पुढच्या टेबलावरच्या बाईने कान झाकले. गाणं संपलं. मालकांचा पंजा पाच बोटं उघडी ठेवून तसाच टेबलावर होता. वेटर भिंतीला उभे होते. कधी हलायचं ते त्यांना कळेना.

मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत मी मास्तरांवर धावून गेले. "तुम्ही मुद्दाम वर वाजवलंत!"

"लाल ठिपक्यावरच वाजवलं, बाई." मास्तरांनी चष्मा काढला. "चार वर्षांनी पहिल्यांदाच."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण आत शिरेना.

"आधी एक पट्टी उतरवली," ते चष्म्याकडे बघत म्हणाले. "तुम्हाला आठ पुरे होईनात, दम लागायला लागला होता. मग दोन वर्षांनी आणखी एक. तुम्ही म्हणालात आवाज सुटला. आम्हाला बरं वाटलं. आता तिसरी उतरवायची होती."

"आणि ही?" मी मुलीकडे बोट केलं. ती कोमट पाण्याचा पेला धरून उभी होती. पेला माझ्यासाठीच होता.

धडाम आजवर माझ्याशी चढ्या आवाजात कधी बोलला नव्हता. "अहो, ही काय! म्हाताऱ्या बोटांना नवी पट्टी पटकन बसते का? बासवाल्याचं तर विचारू नका. कुणीतरी गायला नको समोर? तुम्हाला बोलवून तुमच्यापासून लपवणार होतो का आम्ही?"

"मला सांगायचंत."

"तुम्ही ऐकलं असतंत?" मास्तरांनी विचारलं.

मी पाणी प्यायले.

मालक दारात आले. वाईट माणूस नव्हता तो. मला बसा म्हणाले, स्वतः उभे राहिले. "बाई, हा महिना तुमचाच. पुढच्यापासून शुक्रवारी कुणीतरी बघावं लागेल." मग मास्तरांकडे वळून विचारलं, "इतक्या लवकर तयार असलेलं कोण मिळणार?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. पण मालकांमागे उभ्या एका वेटरने सहज सांगितलं की तिकिटावरची पोर दुपारी गात असते, सगळी गाणी वाद्यांसकट बसलेली आहेत.

बसलेली होतीच. तीन गुरुवार पुरले होते. मी तोंड उघडलं नसतं तर ती खिडकीतच बसून राहिली असती.

दुसरा भाग अजून व्हायचा होता. पैसे देऊन लोक बसले होते. मंचावर चढताना मास्तरांनी हळूच विचारलं, "कुठून धरू?"

"तुम्हाला माहीत आहे तिथून," मी म्हटलं.

मी माइक स्टँडवरून काढून हातात घेतला आणि पियानोपाशी जाऊन उभी राहिले, हॉलकडे पाठ करून. मालकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आला तर आला. मास्तरांचा अंगठा ठिपक्याच्या डावीकडे दोन पट्ट्यांवर टेकला आणि तीन गाणी मी तो बघत बघत म्हटली.