वरची गल्ली खाली

जन्मभर ट्रक हाकला. मग गुडघ्यांनी दगा दिला, तसा रुग्णवाहिकेच्या केंद्रावर फोन घ्यायला बसलो. गाव नवं, गल्ल्या नव्या. भरवसा काय तो समोरच्या भिंतीवरच्या नकाशाचा, आणि तो केलेला माझ्या भाचीनं.

आधीचा नकाशा म्हणजे नुसती गिचमीड. झाड, विहीर, टेकडीच्या रेघा, सगळं सारखंच ठळक. पोरगी म्हणाली, मामा, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं? तिनं मोठे रस्ते जाड केले, दवाखाने लाल, घरं फिकट. नावं अशी लिहिली की मान वाकडी न करता वाचावीत. टेकडीच्या रेघा अक्षरांवरून जात होत्या, त्या सरळ पुसल्या. केंद्राचे साहेब म्हणाले, लावून तर बघू. म्हणून ती माझ्या शेजारी बसून कुठं अडतंय ते बघत होती.

दुपारी फोन आला. सुताराची बायको. नवऱ्याचा हात करवतीत गेलेला, रक्त थांबेना. पत्ता विचारला तर म्हणाली, वरची गल्ली, आणि रडायलाच लागली.

वरची म्हणजे वर. वायरलेसवरून आमच्या ड्रायव्हरला, त्याला सगळे पैलवान म्हणतात, मी सांगितलं की वरच्या अंगाच्या पुलाकडं सूट, नेमकं वळण सांगतो. गडी माझ्यासारखाच नवा. निघाला सुसाट.

मी नकाशाच्या वरच्या कडेला बोट फिरवतोय. गिरणी, शाळा, गोदाम. गल्ली नाही. पुन्हा डावीकडून बघितलं. नाही. इकडं बाई विचारतेय निघाली का गाडी, तिकडं पैलवान विचारतोय कुठं वळू.

"पूल आला," पैलवान म्हणाला.

भाची उठली. तोंड पांढरंफटक.

"मामा, गाडी फिरव. ती खाली आहे."

"वरची गल्ली खाली? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चढावरची म्हणून वरची. टेकडी दक्षिणेला आहे, आणि ती मीच पुसली." तिचं बोट नकाशाच्या पार तळाशी. नाव तिथं ठसठशीत लिहिलेलं.

पैलवानानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण गाडी फिरवली. भाचीनं माझ्या हातातला फोन घेतला. "ताई, स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबा. हात वर धरा. मी फोनवरच आहे, दाब सोडू नका." आवाज शांत.

मग वायरलेसवर नुसती खरखर. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

"पोचलो," पैलवान म्हणाला. "शुद्धीवर आहे. उशीर कुणी केला म्हणून विचारतोय, तुझंच नाव सांगितलं."

दवाखान्यातून कळलं, माणूस वाचला, एक बोट गेलं. ते करवतीनं जागीच नेलं होतं, उशिरानं नाही, असं मी पोरीला परतपरत सांगितलं. ती ऐकत कुठं होती. भिंतीवरचा नकाशा टेबलावर पसरून अक्षरांना न शिवता फिकट तपकिरी रंग लावत होती, चढ वाढेल तसा जरासा गडद. नावं पहिल्यासारखीच वाचता येत होती.

म्हटलं, अगं, चहा तरी घे.

"थांब मामा, चढ कुठं आहे ते आधी दिसू दे."