कोपराचा खटका

लेथचा ड्राइव्ह पुन्हा बंद पडला, तेव्हा दादा दारातूनच म्हणाला, “झालं? तुझं शास्त्र संपलं असेल तर उद्या गिऱ्हाईक आणतो. लेथ देऊन टाकू.”

बाबांनी पटाशी खाली ठेवली. ते कातारी. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, सगळं याच लेथवर कातलेलं. वेग बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर ओढावा लागे आणि आखडलेल्या बोटांना ते जमेना. म्हणून मी मोटरला ड्राइव्ह, म्हणजे वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, जोडला. त्याचं गोल बटण फिरवलं की विजेची वारंवारता बदलते आणि तसा मोटरचा वेग. पट्ट्याला हातही लावायला नको. बाबांची अट एकच होती, “माझ्या लेथवरचं काही काढायचं नाही.” म्हणून जुना खटकाही तसाच राहिला; तो वापरू नका, एवढं मी बजावलं होतं.

मी चालवलं की कुरकुर नाही. माझी पाठ वळली की ड्राइव्ह बंद आणि त्याच्या पडद्यावर तेच, जास्त प्रवाह. मी वेग चढण्या-उतरण्याचा काळ वाढवला, मोटरच्या पाटीवरचे आकडे पुन्हा भरले, केबल बदलली, बेअरिंग तपासली. व्यर्थ.

“तुझ्यापुढे गुणी बाळ होतं ते,” बाबा म्हणाले.

“यंत्राला माणूस ओळखता येत नाही, बाबा.”

“मग मलाच चालवता येत नाही म्हण!”

मी भुशाच्या पोत्यावर बसले. “तुम्ही काम करा. मी हात लावणार नाही.”

त्यांनी गोल बटण फिरवलं. लाकूड फिरू लागलं, ढलप्या उडू लागल्या. माप घ्यायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी लेथच्या अंगावरचा जुना खटका कोपराने खाली पाडला. लाकूड थांबलं. माप झालं. कोपराने खटका वर.

ड्राइव्ह बंद.

खटका ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधोमध होता. मोटर थांबली तरी ड्राइव्ह पूर्ण वेगाची वीज देतच राहिला, आणि खटका वर होताच थांबलेल्या मोटरने एकदम प्रवाह ओढला. मी चालवताना फक्त गोल बटण वापरत होते.

“बाबा! हा खटका वापरायचा नाही असं किती वेळा सांगितलं?”

“मी कुठे वापरला?”

“आत्ता. कोपराने.”

त्यांनी कोपराकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता.

त्या कोपराला शिकवण्यात अर्थ नव्हता. मी मोटरच्या तारा खटक्यातून सोडवून थेट ड्राइव्हला जोडल्या. खटक्यातून दोन बारीक तारा ड्राइव्हकडे नेल्या. आता खटका फक्त हुकूम देणार, चालू हो, बंद हो. वेग सावकाश चढवायचं काम ड्राइव्हचं.

कोपर खाली, कोपर वर. पुन्हा. पुन्हा. लेथ चालत राहिलं.

दादा आत डोकावला. “गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“सांग, लेथ कामात आहे,” बाबा म्हणाले आणि कोपराने खटका पाडला. लाकूड हळूहळू, फारच हळूहळू थांबलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

“हे काय? पूर्वी पटकन थांबायचं. आता वरातीसारखं रमतगमत!”

मी दातओठ खात, आधी वाढवलेला वेग उतरण्याचा काळ पुन्हा कमी करायला बसले.